डिझाइन सिस्टिम म्हणजे काय? एका कापलेल्या बटणापासून आमच्या टीमने ती कशी उभी केली

तुमच्या फोनची सेटिंग्ज उघडा. वाय-फाय, ब्लूटूथ, लोकेशन, डार्क मोड, काहीही बघा. चालू-बंद करायचं बटण सगळीकडे एकाच आकाराचं, एकाच बाजूला आणि चालू असताना एकाच रंगाचं दिसेल. या स्क्रीन वेगवेगळ्या लोकांनी बनवलेल्या असतात, बहुतेक वेगवेगळ्या वर्षी. तरी तुम्हाला प्रत्येक ठिकाणी नव्याने शिकावं लागत नाही, कारण ते बटण कसं दिसेल आणि कसं वागेल हे कुणीतरी एकदाच ठरवून लिहून ठेवलेलं असतं. या व्यवस्थेला डिझाइन सिस्टिम म्हणतात.

जरा नेमकं सांगतो. ॲप किंवा वेबसाइट बनवताना पुन्हा पुन्हा लागणाऱ्या गोष्टी असतात: रंग, अक्षरांचे आकार, बटणं, फॉर्ममधले रकाने, चुकीच्या सूचना. त्या एकदा ठरवायच्या, त्यांचा तयार कोड करून ठेवायचा आणि कुठे, कधी, कसं वापरायचं ते लिहायचं. म्हणजे निर्णय, तयार तुकडे आणि डॉक्युमेंटेशन. पहिल्या दोन गोष्टी बहुतेक टीम उत्साहाने करतात. तिसरी "नंतर करू" म्हणून राहते. आमचीही राहिली होती, आणि त्याची किंमत माझ्या काकांनी मोजली.

मारेगावात काय झालं

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावचा. कापूस, सोयाबीन, तूर हा आमचा भाग. मी ज्या टीममध्ये काम करायचो ती शेतमालाच्या विक्रीची वेळ आधी नोंदवायचं ॲप बनवत होती. नोंदणी केली की नंबर मिळतो आणि त्या दिवशी गाडी घेऊन जायचं, इतकं साधं काम. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर काका म्हणाले, "तुयाच ॲपात नोंदणी करून राह्यलो होतो, पण नंबरच गेला."

त्यांचा फोन हातात घेतला आणि मला घाम फुटला. काकांनी फोनमध्ये अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा ठेवला होता, चाळिशीनंतर बरेच लोक ठेवतात तसा. शेवटच्या स्क्रीनवर शेजारी-शेजारी दोन बटणं होती. पुण्यात माझ्या फोनवर ती अशी दिसायची: "नोंदणी पूर्ण करा" आणि "नोंदणी रद्द करा". काकांच्या फोनवर जागा पुरली नाही, म्हणून दोन्ही बटणांवर एकच मजकूर उरला होता: "नोंदणी…"

"अबे, दोन्ही बटनावर नोंदणीच लिहून हाय. मी कोणतं दाबाचं?" काका म्हणाले. त्यांनी उजवं दाबलं. उजवं म्हणजे रद्द. नंबर गेला, पुन्हा नोंदणी केली तर आठ दिवस पुढची तारीख मिळाली, आणि तोवर वेचलेला कापूस घरातच पडून राहिला.

ते बटण मीच लिहिलं होतं. इंग्रजीत तपासताना ते कधीच तुटलं नव्हतं. यामागे एक साधी गोष्ट आहे, जी मला कॉलेजच्या चार वर्षांत कुणी सांगितली नव्हती. इंग्रजी आज्ञेत क्रियापद आधी येतं, त्यामुळे मजकूर शेवटी कापला तरी काय होणार ते कळतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "नोंदणी रद्द करा" शेवटून कापलं की नेमका महत्त्वाचा शब्दच जातो.

सुट्टी संपायच्या आतच दुरुस्ती करायला बसलो, तेव्हा दुसरा धक्का बसला. एका ठिकाणी बदलून भागणार नव्हतं. शोध घेतला तर आमच्या कोडमध्ये बटणाचे चौदा वेगवेगळे प्रकार निघाले. कुणी घाईत नवं लिहिलेलं, कुणी जुनं कॉपी करून चार पिक्सेल इकडे-तिकडे केलेलं. प्रत्येक प्रकार मजकूर आपापल्या पद्धतीने कापत होता. चूक एकच होती, पण दुरुस्ती चौदा ठिकाणी करावी लागली. त्यानंतरच्या महिन्यात आम्ही डिझाइन सिस्टिमचं काम सुरू केलं.

ही कल्पना नवी नाही

एकच ठरावीक नमुना सगळीकडे वापरायची कल्पना संगणकाच्या आधीची आहे. तलाठ्याच्या दप्तरातले गाव नमुने बघा. १ ते २१ असे ते ठरलेले आहेत. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद, आणि दोन्ही मिळून आपला सातबारा. मारेगावचा तलाठी बदलून मालवणला गेला तरी त्याला नवा तक्ता शिकावा लागत नाही. कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते आधीच ठरलेलं आहे. डिझाइन सिस्टिम हेच काम स्क्रीनसाठी करते.

लिपीच्या बाबतीतही महाराष्ट्राने असं काम केलं आहे. मराठी वर्णमाला आणि अक्षरं कशी लिहायची हे ठरवणारा शासन निर्णय २००९ साली निघाला आणि २०२२ साली त्यात सुधारणा झाली. मराठीचा पाकळीवाला 'ल' आणि देठवाला 'श' तुम्ही शाळेत गिरवला असेल. हिंदीत ही दोन अक्षरं वेगळ्या वळणाची लिहितात. हे ॲपशी कुठे येऊन भिडतं ते पुढे सांगतो.

संस्थांच्या जगात नासाची १९७६ सालची ग्राफिक्स मार्गदर्शिका प्रसिद्ध आहे: बोधचिन्ह कुठे, किती मोठं, कुठल्या रंगात, यानाच्या अंगावर आणि लेटरहेडवर कसं, असं सगळं त्यात होतं. सॉफ्टवेअरमध्ये २०११ साली ट्विटरमधल्या दोघांनी बूटस्ट्रॅप मोफत खुलं केलं. २०१३ साली ब्रॅड फ्रॉस्टने 'अ‍ॅटॉमिक डिझाइन' ही मांडणी केली: छोटे अणू (बटण, रकाना), त्यांचे रेणू (शोधपट्टी), त्यांपासून मोठे भाग आणि शेवटी पूर्ण पान. २०१४ साली गूगलचं मटेरियल डिझाइन आलं, जे तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आज जागोजागी दिसतं. ब्रिटन सरकारने २०१८ साली आपली डिझाइन सिस्टिम सगळ्यांसाठी खुली केली, आणि माझ्या मते डॉक्युमेंटेशन कसं लिहावं हे शिकायला त्याहून चांगली जागा नाही. आपल्याकडे केंद्र सरकारचा यूएक्सफोरजी हा उपक्रम आहे. सरकारी संकेतस्थळं एकसारखी दिसावीत म्हणून २०२५ साली एक डिजिटल ओळख-पुस्तिकाही आली.

टोकन: रंगाला नाव देणं

डिझाइन सिस्टिमचा सगळ्यात छोटा तुकडा म्हणजे डिझाइन टोकन. हा शब्द सेल्सफोर्स कंपनीच्या टीमने रूढ केला. टोकन म्हणजे एखाद्या किमतीला दिलेलं नाव. कोडमध्ये शंभर ठिकाणी हिरव्या रंगाचा क्रमांक लिहिण्याऐवजी एकदाच "हिरवा-७००" असं नाव द्यायचं. पण तेवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या पायरीवर कामाचं नाव द्या: "मुख्य-कृती-रंग". मग बटण "मुख्य-कृती-रंग" मागतं, आणि तो रंग सध्या "हिरवा-७००" आहे हे एकाच ठिकाणी लिहिलेलं असतं.

याचा फायदा डार्क मोडमध्ये कळतो. अंधारात तोच गडद हिरवा दिसत नाही. तेव्हा बटणाला हात न लावता "मुख्य-कृती-रंग" फिकट हिरव्याकडे वळवायचा की सगळं ॲप बदलतं. आमच्याकडे आधी डार्क मोड नव्हता कारण "तीन महिने लागतील" असं मीच सांगितलं होतं. टोकन झाल्यावर तो अकरा दिवसांत झाला.

टोकन ठरवताना चवीवर भांडू नका, मोजा. वेबच्या सुलभतेसाठी डब्ल्यूसीएजी हे जागतिक निकष आहेत. त्यानुसार साध्या मजकुराचा रंग आणि मागचा रंग यांच्यातला फरक किमान ४.५ : १ हवा, मोठ्या अक्षरांना ३ : १ चालतो. पांढऱ्यावर ९९९९९९ या हेक्स कोडचा करडा डिझायनर लोकांना फार आवडतो. त्याचं गुणोत्तर साधारण २.८५ येतं, म्हणजे नापास. ७६७६७६ हा करडा काठावर पास होतो. आम्ही काठावरही थांबलो नाही, कारण आमचं ॲप एसीच्या खोलीत नाही, दुपारी बारा वाजता धुऱ्यावर उभं राहून वापरलं जातं. धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध.

मराठी आली की काय काय तुटतं

हा भाग सविस्तर लिहितो, कारण डिझाइन सिस्टिमवरचे बहुतेक लेख इंग्रजी समोर ठेवून लिहिलेले असतात आणि मराठीचं "भाषांतर करून घ्या" एवढ्यावर सोडून देतात. भाषांतर नीट असूनही आमचं काय काय तुटत होतं ते बघा.

पहिली गोष्ट ओळींची उंची. इंग्रजी अक्षरांच्या वर-खाली फारसं काही नसतं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. "पूर्ती" किंवा "दृष्टी" दाट ओळींत लिहून बघा, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. मटेरियलच्या मार्गदर्शनात यासाठी लिपींचे वेगळे गटच केले होते आणि आपल्यासारख्या लिपी "उंच" गटात टाकल्या होत्या. आम्ही ओळीच्या उंचीचं टोकन भाषेनुसार वेगळं केलं: मराठी असेल तर जास्त.

दुसरी, अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी शीर्षकं ऐटदार दिसावीत म्हणून डिझायनर अक्षरांत अंतर वाढवतात. तीच सेटिंग मराठीला लागली की शिरोरेषा तुकड्या-तुकड्यांत तुटते, पाटी रंगवणाऱ्याने मध्येच ब्रश उचलल्यासारखी. मराठीसाठी हे टोकन कायम शून्य. सगळी अक्षरं कॅपिटल करायचा प्रकार देवनागरीत नसतोच, त्यामुळे "महत्त्वाचं आहे म्हणून कॅपिटल" या युक्तीवर उभं असलेलं डिझाइन मराठीत सपाट पडतं. तिथे अक्षरांची जाडी वापरायची.

तिसरी गोष्ट सगळ्यात मजेशीर. आमच्या ॲपमध्ये फोटो नसेल तर गोलात नावाचं पहिलं अक्षर यायचं. ज्ञानेश्वर नावाच्या माणसाच्या गोलात "ज" यायचा. कारण "ज्ञ" आपल्याला एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये ते ज, हलन्त आणि ञ असे तीन संकेत आहेत, आणि आमचा कोड पहिला संकेत उचलायचा. "क्षेत्र" या शब्दात डोळ्यांना दोन अक्षरं दिसतात, संगणकाला सात संकेत दिसतात. "नाव २० अक्षरांपेक्षा लांब नको" असा नियम संकेत मोजून लावला तर मराठी माणसाचं नाव उगाच लांब ठरतं, किंवा मध्येच कापून लोंबकळता हलन्त उरतो. म्हणून आता असा नियम आहे: अक्षरं मोजायची तर सिस्टिममधलं तयार फंक्शन वापरायचं, स्वतःचं लिहायचं नाही. त्या फंक्शनच्या चाचण्यांत ज्ञानेश्वर, श्रीकांत आणि क्षितिजा ही नावं कायमची आहेत.

चौथी, "शेतकऱ्यांना" हा शब्द. शेतीच्या ॲपमध्ये तो प्रत्येक स्क्रीनवर असतो. यातला "ऱ्य" हा चंद्रकोरीसारखा अर्धा र घेऊन लिहितात. तो नीट टाइप झाला नाही तर "शेतकर्यांना" असं रफार घेतलेलं विचित्र रूप उमटतं. हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न नाही. "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप करता येतो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडसंकेत घेऊन. आमचा सर्व्हर "नको असलेली अदृश्य चिन्हं" साफ करायचा आणि त्या सफाईत हा जोडसंकेतही उडायचा. मग ॲपभर "शेतकर्यांना". आता शब्दसंग्रहात नुक्तावाला प्रकारच वापरायचा असं लिहिलं आहे, आणि चुकीचं रूप कोडमध्ये आलं तर तपासणी तिथेच अडवते.

आता मघाशी सांगितलेले 'ल' आणि 'श'. काही देवनागरी फॉन्टमध्ये या अक्षरांची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं भरलेली असतात. कुठलं दाखवायचं ते फॉन्टला मजकुराच्या भाषेच्या खुणेवरून कळतं. वेबपानावर भाषा "एमआर" म्हणजे मराठी अशी नोंदवली नसेल तर फॉन्ट त्याचं मूळ वळण दाखवतो, जे बहुतेक वेळा हिंदीचं असतं. एका शब्दाची नोंद राहिली म्हणून पूर्ण ॲपला परका चेहरा येतो. फॉन्ट म्हणून आम्ही मुक्ता घेतला. तो मुंबईच्या एक टाइप या गटाचा आहे, मोफत आहे आणि छोट्या आकारातही वाचता येतो. नोटो सान्स देवनागरीचाही विचार झाला होता. दोन्ही चांगले आहेत. आम्हाला मुक्ताच्या वेगवेगळ्या जाडींमधला फरक स्वस्त फोनवर जास्त स्पष्ट दिसला, इतकंच.

शेवटची गोष्ट आकड्यांची. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं, आणि १०० आर म्हणजे १ हेक्टर. आमच्या फॉर्ममध्ये एकच रकाना होता. ज्याचं शेत १ हेक्टर ५ आर आहे तो माणूस सरळ "१.५" लिहायचा. संगणकाच्या लेखी ते १ हेक्टर ५० आर. जवळजवळ दीडपट जमीन! चूक लिहिणाऱ्याची नाही, रकान्याची आहे. आता "क्षेत्र" नावाचा वेगळा कंपोनंट आहे, त्यात हेक्टर आणि आर असे दोन रकाने आहेत आणि खाली लगेच एकरात किती होतं ते दिसतं, कारण बोलताना सगळे एकरच बोलतात. क्षेत्र विचारणारी कुठलीही स्क्रीन आता हाच कंपोनंट वापरते.

डॉक्युमेंटेशन कसं लिहायचं

कंपोनंट म्हणजे बटण, रकाना, यादी असा तयार तुकडा. डिझायनर तो फिग्मासारख्या साधनात काढतो आणि डेव्हलपर कोडमध्ये बनवतो. स्टोरीबुक नावाचं मोफत साधन आहे, त्यात प्रत्येक कंपोनंट ॲपपासून वेगळा उभा करून हाताळून बघता येतो. इथवर बहुतेक टीम पोचतात. पुढे सहा महिन्यांनी नवा माणूस येतो, त्याला तयार बटण सापडत नाही किंवा सापडलं तरी ते तसं का आहे हे कळत नाही, आणि तो पंधरावं बटण लिहितो.

आमच्या पहिल्या डॉक्युमेंटेशनमध्ये "काय" सगळं होतं: उंची, रंग, कडेची गोलाई. "का" कुठेच नव्हतं. त्यात एक नियम होता: "बटणावरचा मजकूर कापू नये." तीन महिन्यांत एका नव्या सहकाऱ्याने तो नियम मोडला, कारण त्याला ती डिझायनरची आवड वाटली. त्यात त्याचं काय चुकलं? त्याला काकांची गोष्ट माहीतच नव्हती. मग आम्ही पान पुन्हा लिहिलं. आता बटणाचं पान साधारण असं आहे:

कशासाठी: वापरणाऱ्याने केलेली कृती पुढे नेण्यासाठी. दुसऱ्या पानावर फक्त जायचं असेल तर दुवा वापरा, बटण नको.

मजकूर: कापायचा नाही. जागा कमी पडली तर दुसऱ्या ओळीवर न्या. त्यानेही भागलं नाही तर बटणं शेजारी न ठेवता एकाखाली एक ठेवा.

कारण: मराठीत क्रियापद शेवटी येतं. "नोंदणी पूर्ण करा" आणि "नोंदणी रद्द करा" दोन्ही कापल्यावर सारखीच दिसतात. यामुळे एका शेतकऱ्याची नोंदणी रद्द झाली होती.

शब्द: दोन बटणं जवळ असतील तर त्यांचा पहिला शब्द वेगळा हवा. "पाठवा" आणि "रद्द करा" लिहा.

आकार: बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी. मटेरियलचीही हीच शिफारस आहे.

अवस्था: साधी, दाबलेली, काम चालू असलेली, बंद. काम चालू असताना पुन्हा दाबलं तर दुसरी नोंदणी होता कामा नये.

तपासणी: फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून, मराठीत. अँड्रॉइड १४ पासून अक्षरं २०० टक्क्यांपर्यंत वाढतात, तेवढी वाढवून बघा.

यातली "कारण" ही ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पण ती आल्यापासून बटणाचा नियम कुणी मोडलेला नाही. उलट एका सहकाऱ्याने कारण वाचून तोच नियम टॅबच्या नावांनाही लावला, जे आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

डॉक्युमेंटेशनची भाषा कुठली, यावर आमच्यात बराच वाद झाला. टीममध्ये तमिळ आणि बंगाली सहकारीही आहेत, म्हणून पानं इंग्रजीत ठेवली. पण एक अट घातली: प्रत्येक कंपोनंटचं पहिलं उदाहरण मराठीत असेल, इंग्रजी दुसरं. आमच्या बंगाली डिझायनरला आता मराठी वाचता येत नसली तरी "शेतकऱ्यांना" चुकीचं छापलेलं लगेच ओळखू येतं.

शब्दसंग्रह हा त्याच डॉक्युमेंटेशनचा भाग आहे, आणि तो मराठीत आहे. कुठल्या कृतीला कुठला शब्द, हे त्यात ठरलेलं आहे. "जतन करा" की "सेव्ह करा"? मी शुद्ध मराठीच्या बाजूने होतो. मारेगावात पाच-सहा जणांना विचारलं तर "सेव्ह" सगळ्यांना कळलं आणि "जतन" ऐकून एकाने विचारलं, "कायचं जतन?" मी हरलो. उलट "सबमिट" गेलं आणि "पाठवा" आलं, कारण तो शब्द सगळ्यांच्या तोंडात आहे. शब्द परका की आपला हे बघण्यापेक्षा तो दाबल्यावर काय होईल हे माणसाला कळतं का, ते बघायचं असं ठरलं.

सुरुवात कुठून करायची

तुम्ही कॉलेजमध्ये असाल आणि चार मित्र मिळून ॲप बनवत असाल, तर लगेच चाळीस कंपोनंट बनवायला बसू नका. ॲपच्या प्रत्येक स्क्रीनचा स्क्रीनशॉट घ्या आणि सगळी बटणं कापून एका पानावर शेजारी-शेजारी चिकटवा. मग रकान्यांचं तसंच, मग सूचनांचं. या पानाला इंटरफेस इन्व्हेंटरी म्हणतात. चौदा बटणं एका पानावर दिसली की पुढे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. त्यातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी तीन-चार गोष्टी आधी घ्या. आम्ही बटण, मजकुराचा रकाना आणि चुकीची सूचना एवढ्यांवरच पहिले दोन महिने घालवले.

सिस्टिमला आवृत्तीचे आकडे द्या. २.३.१ अशा आकड्यात शेवटचा अंक किरकोळ दुरुस्तीचा, मधला नव्या सोयीचा आणि पहिला मोडतोड करणाऱ्या बदलाचा. पहिला अंक बदलला की वापरणाऱ्या टीमला कळतं की आपला कोड तपासावा लागेल. जुनं बटण एका रात्रीत काढू नका. "हे जाणार आहे, त्याऐवजी हे वापरा" असं लिहून काही महिने ठेवा. आणि निर्णय कुणाचा हे ठरवा. आमच्याकडे एक डिझायनर आणि एक डेव्हलपर मिळून होकार देतात. सगळ्यांनी मिळून ठरवायचं म्हटलं की कुणीच ठरवत नाही, हे आम्ही सुरुवातीच्या महिन्यात अनुभवलं.

सिस्टिम असली म्हणजे ॲप आपोआप चांगलं होत नाही, हेही खरं. तिने फक्त चूक एका ठिकाणी आणली. आता बटण चुकलं तर सगळीकडे चुकतं, आणि दुरुस्त केलं तर सगळीकडे दुरुस्त होतं. म्हणून प्रत्येक मोठ्या आवृत्तीआधी मी ती मारेगावला काकांच्या फोनवर टाकतो आणि गप्प बसून बघतो. गप्प बसणं अवघड जातं.

मागच्या खेपेला त्यांनी नवा मुद्दा काढला. नोंदणी झाली की खाली एक काळी पट्टी येते आणि चार सेकंदांत जाते. मटेरियलने अशा पट्टीसाठी ४ ते १० सेकंद सांगितले आहेत, आम्ही कमीत कमी घेतले. काका चष्मा काढून डोळ्यांवर लावेपर्यंत ती गेलेली असते, मग "झालं का नाही झालं?" म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. पट्टी दहा सेकंद ठेवायची की हाताने बंद करेपर्यंत तशीच ठेवायची, यावर टीममध्ये सध्या दोन मतं आहेत. निर्णय होईल तेव्हा त्या पानावर "कारण" या ओळीत चष्म्याचं लिहायचं, एवढं मात्र ठरलं आहे.